शिक्षा संपलेले खलाशी आणि एक महिन्याची मुदत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

भारत आणि पाकिस्तान यांनी १ जुलै २०२५ रोजी आपापल्या ताब्यातील एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या, ही बातमी आपल्या दैनिकात दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर एका लहान चौकटीत आली होती. वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलै या ठरलेल्या तारखांना, दोन्ही देशांचे संबंध कितीही बिघडलेले असले तरी हा व्यवहार पार पडतो, आणि बहुधा म्हणूनच कोणाला ती बातमी वाटत नाही. त्या यादीनुसार भारतीय असलेले किंवा भारतीय मानले जाणारे ५३ नागरी कैदी आणि १९३ मच्छीमार पाकिस्तानच्या ताब्यात होते. आपल्या ताब्यात ३८२ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमार होते. मच्छीमार आणि नागरी कैदी मिळून ज्या १५९ भारतीयांची शिक्षा भोगून संपली होती, त्यांना लवकर सोडावे अशी विनंती आपल्या सरकारने तेव्हा पाकिस्तानला केली. या १५९ च्या आकड्याविषयी थोडे सविस्तर लिहावे, म्हणून हे पत्र.

मी डहाणू तालुक्यातील एका गावी शाखा डाकपाल होतो; आता निवृत्त आहे. आमच्या भागात पाकिस्तानचा शिक्का असलेले टपाल येण्याचे कारण एकच असे. घरातला कोणी कराचीच्या मलीर तुरुंगात आहे, एवढे पाकीट न फोडताही कळे. पत्र बहुतेक वेळा बराकीतल्या एखाद्या गुजराती सोबत्याने लिहून दिलेले असे आणि अक्षरही गुजराती, त्यामुळे ते वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे येई. मजकुरात फारसा फरक नसे. तब्येत बरी आहे, मुलांना शाळेत पाठवा, घराचे छप्पर पावसाआधी शाकारून घ्या, आणि गुजरातेत वेरावळला किंवा ओख्याला जाऊन बोटीच्या शेठकडून माझा हिशेब घ्या. या हिशेबाचा उल्लेख नसलेले पत्र माझ्या आठवणीत नाही. तुरुंगात बसलेल्या माणसाला आपण मजूर आहोत आणि आपली मजुरी राहिली आहे, हे पक्के ठाऊक असते. त्याला कोणत्या देशाचा गुन्हेगार ठरवले गेले आहे, हे मात्र त्याला दुसऱ्याने वाचून दाखवावे लागते.

हा खलाशी कोण, हे आधी सांगायला हवे, कारण ‘मच्छीमार’ म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या होडीतून जाळे टाकणारा कोळी येतो. गुजरातच्या बोटींवर पकडल्या जाणाऱ्या आमच्याकडच्या माणसांचे तसे नाही. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचे वारली, धोडी, मल्हार कोळी या आदिवासी जमातींचे तरुण पिढ्यान्‌पिढ्या भातशेती आणि जंगल यांवर जगत आले. समुद्र त्यांच्यापैकी पुष्कळांनी पहिल्यांदा पाहिला तो दुसऱ्याच्या बोटीवरून. भाताचे एकच पीक, तेही पावसाच्या भरवशावरचे, आणि पुढे आठ महिने हाताला काम नाही, म्हणून कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी भिवंडी-वसईला बांधकामावर जातो आणि कोणी ‘बोटीला’ जातो. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठायच्या सुमारास मुकादम पाड्यावर येतो, घरी उचल देतो आणि माणसे घेऊन जातो. ती उचल बहुधा आधीचे कर्ज, दवाखाना किंवा लग्न यांत गेलेली असते, त्यामुळे हंगाम पुरा करण्यावाचून गत्यंतर नसते. हे पत्र मी नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात लिहीत आहे, आणि आमच्या नाक्यावर सौराष्ट्राकडे निघालेल्या मुलांच्या पिशव्या दिसू लागल्या आहेत.

बोटीवर सहा-सात माणसे असतात. तांडेल बोट हाकतो. जीपीएसचे यंत्र आणि वायरलेस त्याच्या ताब्यात असतात. खलाशी जाळे ओढतो, मासळी निवडतो, बर्फात भरतो, स्वयंपाक करतो. बोट किती सागरी मैल गेली आणि कोणत्या रेघेजवळ आली, हे तो ठरवत नाही आणि बऱ्याचदा त्याला ते कळतही नाही. बोट पकडली गेली की मालकाचे लाखोंचे नुकसान होते, हे खरे आणि दुःखाचेही आहे. पण मालक आपल्या घरी असतो. कराचीच्या न्यायालयात उभा राहतो तो तांडेल, आणि त्याच्यामागे ओळीने हे खलाशी.

तरीही बोट तिकडे गेलीच कशाला, असा प्रश्न वाचक विचारतील आणि तो रास्त आहे. प्रत्येक वेळी वारा-प्रवाहामुळेच बोट भरकटते, असे मी म्हणणार नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळची मासळी वर्षानुवर्षांच्या ट्रॉलिंगने आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने कमी झाली आहे. कच्छच्या पश्चिमेला सिंधूच्या मुखाकडचा, खाड्यांचा आणि तिवरांचा प्रदेश अजून समृद्ध आहे. घोळीसारखी मोलाची मासळी तिकडे मिळते. डिझेल आणि बर्फ यांचा खर्च भरून काढायचा तर तांडेल कच्छमधल्या जखौ बंदराच्याही पुढे सरकतो, आणि कधी कधी जाणूनबुजून सरकतो. हे मान्य करूनही पुढचा प्रश्न उरतो, तो म्हणजे ज्या रेघेपलीकडे तो गेला ती रेघ नेमकी कोणती.

जमिनीवर कुंपण आहे, खांब आहेत. समुद्रातली हद्द दोन्ही देशांनी मिळून अद्याप आखलेलीच नाही, आणि त्याचे कारण सर क्रीक ही सुमारे ९६ किलोमीटर लांबीची चिखलाची खाडी. या वादाचे मूळ आपल्या मुंबईच्या दप्तरात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता (तो १९३६ मध्ये वेगळा झाला; कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा आजही उभी आहे ती त्या काळामुळे). सिंध आणि कच्छचे राव यांच्यात खाडीच्या हद्दीवरून तंटा झाला आणि १९१४ मध्ये मुंबई सरकारने ठराव करून तो मिटवला. त्या ठरावासोबतच्या नकाशावर हद्दीची हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठाने काढलेली आहे, आणि पाकिस्तान तिच्यावर बोट ठेवतो. भारताचे म्हणणे असे की जहाजे चालतील अशा खाडीत हद्द प्रवाहाच्या मध्यातून जाते, आणि पुढे १९२५ मध्ये मध्यभागी बसवलेले खांबही तेच दाखवतात. १९६५ च्या संघर्षानंतर नेमलेल्या कच्छ न्यायाधिकरणाने १९६८ मध्ये रणाचा निवाडा दिला, पण ही खाडी त्या निवाड्याबाहेर राहिली. २००७ मध्ये दोन्ही देशांनी खाडीची संयुक्त पाहणी केली, तरी प्रश्न सुटला नाही. खाडीची हद्द जिथे संपते तिथून समुद्रातली हद्द सुरू व्हायची, त्यामुळे खाडीतला थोडासा फरक खोल समुद्रात जाईपर्यंत शेकडो चौरस किलोमीटरांचा होतो. मुंबई सरकारच्या शंभर वर्षांपूर्वीच्या एका ठरावाचा अर्थ दोन सरकारांना अजून लावता आलेला नाही, आणि तो न कळल्याबद्दल डहाणूच्या निरक्षर खलाशाला तुरुंगात बसावे लागते.

आता कायद्याकडे येतो. संयुक्त राष्ट्रांच्या समुद्रविषयक कायद्याच्या कराराला भारताने १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये मान्यता दिली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा प्रादेशिक समुद्र सोडला, तर त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतच्या विशेष आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडणाऱ्या परदेशी मच्छीमारांना कशी वागणूक द्यावी, हे या कराराच्या ७३ व्या कलमात लिहिले आहे. वाजवी जामीन दिल्यावर बोट आणि माणसे ताबडतोब सोडावीत, ती ज्या देशाची असतील त्या देशाला लगेच कळवावे, आणि संबंधित देशांनी आपसात वेगळा करार केलेला नसेल तर शिक्षेत कारावास असू नये, असे ते कलम सांगते. आपल्या १९८१ च्या परदेशी बोटींविषयीच्या कायद्यातही हाच भेद आहे: प्रादेशिक समुद्रात गुन्हा घडला तर कैद होऊ शकते, त्यापलीकडच्या आर्थिक क्षेत्रात मात्र दंड. म्हणजे चोरून मासे धरणे हा नियमभंग आहे, त्याची किंमत पैशांत वसूल करावी आणि माणसाला घरी जाऊ द्यावे, हे तत्त्व दोघांनाही मान्य आहे.

मग हा माणूस तुरुंगात जातो कसा? तो जातो परकीय नागरिक कायद्याच्या वाटेने. मासेमारीच्या कलमांसोबत विनापरवाना देशात शिरल्याचे कलम लावले जाते, आणि ज्याने तो देश कधी पाहिलाही नव्हता, ज्याला त्या देशाच्या गस्ती नौकेनेच बांधून किनाऱ्यावर आणले, तो मच्छीमार ‘घुसखोर’ ठरतो. ज्या कायद्याखाली हे होते तो १९४६ चा आहे. फाळणीपूर्वी अखंड हिंदुस्थानात झालेला तो कायदा दोन्ही देशांना वारशाने मिळाला आणि दोघांनीही तो एकमेकांच्या मच्छीमारांवर वापरला. आपल्या संसदेने २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा संमत केला; त्यातही समुद्रावरच्या श्रमिकाला वेगळे ओळखण्याची काही सोय असती तर बरे झाले असते.

न्यायालय जी शिक्षा देते ती सहसा फार मोठी नसते. खरा तुरुंगवास त्यानंतर सुरू होतो. २१ मे २००८ रोजी दोन्ही देशांनी वकिलातींच्या भेटीसंबंधी करार केला, आणि आज ज्या याद्या दिल्या-घेतल्या जातात त्या याच कराराप्रमाणे. पकडलेल्या माणसाला तीन महिन्यांच्या आत आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्याला भेटू द्यावे, आणि राष्ट्रीयत्व निश्चित होऊन शिक्षा पुरी झाल्यावर एका महिन्याच्या आत त्याला परत पाठवावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. एक महिना! याच कराराच्या आधाराने दर सहा महिन्यांनी यादी प्रसिद्ध करायची आणि त्याच यादीच्या निवेदनात शिक्षा संपलेल्या १५९ जणांना सोडण्याची विनंती करायची, यातली विसंगती कोणालाच कशी खटकत नाही? जानेवारी २०२५ च्या निवेदनात हाच आकडा १८३ होता. कराराने जे बंधनकारक आहे ते विनंती म्हणून मागावे लागते, आणि ते मिळते तेव्हा सद्भावनेची भेट म्हणून साजरे होते. २०२३ मध्ये मे महिन्यात १९८, जूनमध्ये २०० आणि नोव्हेंबरमध्ये ८० मच्छीमार वाघा सीमेवरून परत आले तेव्हा आम्हा सर्वांना आनंद झाला. पण ज्यांना आधीच सुटायला हवे होते तेही राजकीय हवा बरी होईपर्यंत आत राहिले, आणि हवा बिघडली तेव्हा दार पुन्हा लागले. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये २२ जण सुटले. एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला, अटारीचा नाका बंद झाला, आणि पुढे काय होणार हे घरच्यांना सांगणारे कोणी उरले नाही.

दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची एक संयुक्त समिती होती. ती एकमेकांच्या तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटे, आजारी माणसे, स्त्रिया आणि शिक्षा संपलेले कैदी यांची नावे पुढे करी. तिची शेवटची भेट ऑक्टोबर २०१३ मध्ये झाली. २०१८ मध्ये ती पुन्हा सुरू करायचे ठरले आणि भारताने आपल्या सदस्यांची नावेही दिली. पाकिस्तानकडून पुढे हालचाल झाली नाही.

सुरक्षेचा मुद्दा मी हलका मानत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर चालून आलेल्या दहशतवाद्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोटच पळवली होती, हे सर्वांना आठवते. त्या बोटीवरचा तांडेल आणि चार खलाशी त्यांनी ठार केले, म्हणजे त्या हल्ल्यात जीव गमावलेले पहिले लोक मच्छीमारच होते, हे मात्र कमी आठवते. समुद्रात सापडलेल्या प्रत्येक अनोळखी बोटीची कसून झडती घेतलीच पाहिजे, माणसांची चौकशी केलीच पाहिजे. पण बोटीची नोंदणी आहे, माणसांकडे मच्छीमार ओळखपत्रे आहेत, आधार आहे, डब्यात बर्फ आणि मासळी आहे. ही माणसे कोण आहेत हे कळायला किती दिवस लागावेत? काही आठवडे समजू शकतो. चौकशीत काही सापडले असेल तर त्याचा खटला वेगळा चालवावा. काही न सापडलेला माणूस शिक्षा संपल्यावरही तीन-चार वर्षे डांबून ठेवल्याने कोणाच्याही देशाची सुरक्षितता वाढत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाच्या गोळीबारात आमच्या पालघर जिल्ह्यातला एक माणूस बोटीवरच मारला गेला. त्याच्याबाबत चौकशीचाही प्रश्न उरला नाही.

आणि हे फक्त पलीकडच्यांना सांगून चालणार नाही. जुलै २०२५ च्या यादीत आपल्याकडे असलेल्या ८१ जणांत सिंधच्या किनाऱ्यावरचे, आमच्या वारल्यांइतकेच गरीब लोक होते. कच्छच्या हरामी नाल्याच्या परिसरात खेकडे-कोळंबी धरताना आपल्या सीमा सुरक्षा दलाच्या हाती लागलेले. त्यांच्याही घरी कोणीतरी पत्राची वाट पाहत असणार. शिक्षा संपलेल्या त्यांच्या माणसांना आपण कराराप्रमाणे महिनाभरात, कसलीही देवाणघेवाण न ठरवता, परत पाठवू लागलो, तर आपल्या मागणीला जो जोर येईल तो निवेदनांनी येणार नाही.

आता घरच्यांविषयी. बोट पकडल्याची बातमी घरी शेठचा फोन आला तर कळते, नाहीतर महिनाभराने. त्यानंतर घरच्या बाईला कागद गोळा करायचे असतात: नवऱ्याचे आधार, शिधापत्रिका, बोटीचा नोंदणी क्रमांक, पोलीस पडताळणी. राष्ट्रीयत्व निश्चित होण्याचे काम या कागदांवर अडलेले असते, आणि कागद माहेरी, झोपडीत किंवा शेठच्या कपाटात पडलेले असतात. अशा एका बाईबरोबर मी दोन वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. बोट गुजरातची आहे तेव्हा गुजरातेत जा, असे आम्हाला सांगण्यात आले. गुजरातेत दूरध्वनी केला तर माणूस महाराष्ट्राचा आहे तेव्हा तिकडे विचारा, असे उत्तर आले. कराचीत तो भारतीय आहे म्हणून आत आहे, आणि भारतात तो नेमका कोणत्या राज्याचा, हे ठरत नाही. गुजरात शासन आपल्या तुरुंगातील मच्छीमारांच्या कुटुंबांना रोजच्या हिशेबाने निर्वाहभत्ता देते, ही चांगली गोष्ट आहे. आमच्याकडच्या बायकांना असे साहाय्य कोणत्या खिडकीवर मागायचे हेच समजत नाही, कारण त्यांचा माणूस ना बोटीचा मालक असतो, ना येथील मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद.

माझ्या मते महाराष्ट्र शासनाला यात पाकिस्तानची वाट न पाहता करता येण्याजोगे पुष्कळ आहे. डहाणू आणि तलासरीतून दर हंगामात किती माणसे गुजरातच्या बोटींवर जातात, याची नोंद ग्रामपंचायतीत ठेवावी: माणसाचे नाव, बोटीचा क्रमांक, मालक, बंदर आणि छायाचित्रासह कागदांच्या प्रती. हे काम ग्रामसेवकाला एका दिवसाचे आहे आणि त्याने राष्ट्रीयत्व पडताळणीचे काही महिने वाचतील. उचल देणाऱ्या मुकादमाची नोंद व्हावी आणि माणूस अडकल्यास त्याची राहिलेली मजुरी घरी पोचवण्याची जबाबदारी मालकावर यावी. बोट पकडली गेली तर दोन राज्यांच्या मत्स्यव्यवसाय विभागांपैकी कोणी काय करायचे, हे लेखी ठरावे. ही मागणी करणारा मी पहिलाच आहे असे नाही, पण हंगाम सुरू होत असताना ती पुन्हा करणे भाग आहे.

जून २०२५ च्या सुरुवातीला भूकंपाच्या धक्क्यांनंतर झालेल्या गोंधळात मलीर तुरुंगातून दोनशेहून अधिक कैदी पळाल्याची बातमी आली. आमच्या गावातल्या तिघी जणी माझ्याकडे आल्या. आपली माणसे पळाली की राहिली, त्यांना काही इजा झाली की नाही, हे त्यांना विचारायचे होते. त्यांची माणसे पळून जाणार कुठे, हाही प्रश्नच आहे. मला काही सांगता आले नाही. २०२४ मध्ये आमच्या तालुक्यातला एक खलाशी कराचीत कैदेत वारला तेव्हा त्याचे पार्थिव घरी यायला महिन्याहून अधिक काळ लागला होता, ते त्यांना माहीत होते, आणि मलाही.

पूर्वी अशा वेळी निदान पत्राची वाट पाहता येई. ३ मे २०२५ रोजी आपल्या सरकारने पाकिस्तानातून येणारे सर्व प्रकारचे टपाल थांबवले. व्यापार आणि पार्सले थांबवण्याची कारणे मी समजू शकतो, आणि सरकारी टपाल खात्याचा जुना नोकर म्हणून आदेश पाळावा लागतो हेही जाणतो. पण कैद्याने घरी लिहिलेल्या उघड्या, दोन्ही बाजूंनी तपासलेल्या पत्रालाही तोच आदेश लागू व्हावा का, याचा संबंधितांनी विचार करावा. ती पत्रे दोन्ही देशांच्या वकिलातींमार्फत घेता येतील, रेड क्रॉससारख्या संस्थेच्या मार्गाने घेता येतील, किंवा महिन्यातून एकदा एकाच थैलीत घेता येतील. तेवढी परवानगी मिळाली तर शेवटच्या पाड्यापर्यंत ती पोचवायला आमच्याकडचे डाकसेवक तयार आहेत, आणि गुजराती वाचून दाखवायला मी अजून आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शाखा डाकपाल
डहाणू तालुका, जि. पालघर